दैव की निर्णय? : अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमधील संघ-पुनरुत्थानाचे विश्लेषण
(कॅन्सस स्टेट व ऑबर्न या विद्यापीठांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

एखादी खालावलेली संस्था पुन्हा नावारूपास आली की त्या यशाचे श्रेय कोणाला द्यावे, हा प्रश्न सर्वत्र उपस्थित होतो. काही जण ते नेतृत्वाच्या दूरदृष्टीला देतात, तर काही जण 'नशीब जोरावर होते' एवढ्या शब्दांत विषय संपवितात. मराठीत 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ' अशी म्हण आहे; संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. दोन घटना एकापाठोपाठ घडल्या म्हणून त्यांत कार्यकारणसंबंध असतोच असे नाही, हे त्यातून सूचित होते. महाभारताच्या अनुशासनपर्वात दैव व पुरुषकार यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न युधिष्ठिर भीष्मांना विचारतो. त्या विवेचनात पुरुषकाराला शेताची आणि दैवाला बीजाची उपमा दिलेली आहे. शेत व बीज यांचा संयोग झाल्याखेरीज पीक येत नाही, असा त्याचा आशय आहे.

हा प्रश्न तात्त्विक पातळीवर कधीच सुटत नाही. परंतु ज्या क्षेत्रात प्रत्येक घटनेची अचूक नोंद ठेवली जाते, तेथे त्याचा बराच उलगडा होऊ शकतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल हे असे एक क्षेत्र आहे. प्रत्येक सामन्याचे गुण, प्रत्येक हंगामाचा निकाल आणि प्रत्येक प्रशिक्षकाचा कार्यकाळ तेथे नोंदविलेला असतो. शिवाय संघ हा विद्यापीठाचाच भाग असल्याने त्याच्या उत्कर्षापकर्षाचे निर्णय कुलगुरूंच्या दालनातच घेतले जातात. म्हणूनच हा विषय केवळ क्रीडाप्रेमींचा न राहता शिक्षणसंस्थांच्या व्यवस्थापनाचाही ठरतो.

उद्दिष्टे :

१) संस्थेच्या पुनरुत्थानातील दैवाचा वाटा व निर्णयाचा वाटा वेगळा कसा ओळखावा, हे स्पष्ट करणे.
२) कॅन्सस स्टेट (१९८९ पासून) व ऑबर्न (२०१३) या दोन पुनरुत्थानांची तुलना करणे.
३) या तुलनेतून शैक्षणिक संस्थांच्या मूल्यमापनासाठी उपयुक्त कसोट्या मांडणे.

खेळाची व स्पर्धेची ओळख :

येथे 'फुटबॉल' म्हणजे आपल्याकडे खेळला जाणारा पायचेंडूचा खेळ नव्हे. अमेरिकी फुटबॉलमध्ये लंबगोल चेंडू हातात घेऊन धावत किंवा फेकून प्रतिपक्षाच्या हद्दीपर्यंत न्यायचा असतो. आक्रमक संघाला दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार संधी मिळतात. चेंडू अंतिम क्षेत्रात पोहोचला की 'टचडाउन' होऊन सहा गुण मिळतात व त्यानंतर एक किंवा दोन अतिरिक्त गुणांची संधी मिळते. उभ्या खांबांमधून चेंडू लाथेने मारल्यास तीन गुण मिळतात. त्यास 'फील्ड गोल' म्हणतात. आक्रमणाची सूत्रे 'क्वार्टरबॅक' या खेळाडूच्या हाती असतात. ज्या सामन्याचा निकाल आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने लागतो, तो एकाच यशस्वी चढाईने बदलू शकला असता. म्हणून अशा सामन्यांना या लेखात 'अटीतटीचे सामने' म्हटले आहे.

विद्यापीठे प्रादेशिक गटांत विभागलेली असून एका हंगामात साधारणतः बारा ते पंधरा सामने होतात. गटातील प्रतिस्पर्धी ठरलेले असतात. गटाबाहेरील प्रतिस्पर्धी मात्र विद्यापीठ स्वतः निवडते. चांगली कामगिरी केलेल्या संघांना हंगामाअखेर 'बोल' नावाच्या निमंत्रित सामन्यांत स्थान मिळते. या रचनेतील महत्त्वाची बाब म्हणजे सामन्यांची संख्या अत्यल्प असते, आणि घटना जितक्या थोड्या तितका योगायोगाचा प्रभाव अधिक, हा संख्याशास्त्राचा मूलभूत सिद्धान्त आहे.

दैव आणि निर्णय : संकल्पनांचे स्पष्टीकरण :

'दैव' या शब्दाने येथे कोणतीही गूढ शक्ती अभिप्रेत नाही. निर्णयकर्त्याच्या नियंत्रणाबाहेरचे, परंतु परिणामावर प्रभाव टाकणारे सर्व घटक म्हणजे दैव. चेंडू कोणाच्या हाताला लागून कोठे उडतो, प्रबळ प्रतिस्पर्धी नेमका कोणत्या वर्षी दुबळा होतो, प्रमुख खेळाडू जायबंदी होतो की नाही, या गोष्टी त्यात येतात. 'चांगला निर्णय' म्हणजे निर्णय घेतेवेळी उपलब्ध असलेल्या माहितीच्या आधारे, पर्यायांचा विचार करून, यशाची शक्यता वाढविणारी निवड. चांगल्या निर्णयाचे फळ वाईट येऊ शकते आणि वाईट निर्णयाचे फळ चांगलेही येऊ शकते.

मानवी मन मात्र हा भेद सहसा पाळत नाही. जोनाथन बॅरन व जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सहभागी व्यक्तींसमोर वैद्यकीय निर्णयांची उदाहरणे ठेवली होती. निर्णयामागील माहिती तीच असतानाही, परिणाम चांगला झाल्याचे सांगितले की तो निर्णय अधिक योग्य वाटे आणि परिणाम वाईट झाल्याचे सांगितले की तोच निर्णय सदोष वाटे. या प्रवृत्तीस 'फलपूर्वग्रह' म्हणता येईल.

दुसरी संकल्पना 'सरासरीकडे परतणे' ही होय. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये उंचीच्या आनुवंशिकतेच्या अभ्यासातून ती मांडली. असामान्य उंचीच्या पालकांची मुले सरासरीने पालकांपेक्षा सर्वसाधारण उंचीच्या अधिक जवळ असतात. जेथे परिणामात योगायोगाचा अंश असतो, तेथे अत्यंत चांगल्या किंवा अत्यंत वाईट कामगिरीनंतरची कामगिरी बहुधा कमी टोकाची असते. म्हणजेच सर्वांत वाईट वर्षानंतर नेमलेला कोणताही नवा प्रमुख थोडाफार यशस्वी दिसण्याची शक्यता मुळातच जास्त असते.

कॅन्सस स्टेट : अपयशाची परंपरा व निर्णयांची मालिका :

कॅन्सस राज्यातील मॅनहॅटन या छोट्या शहरात १८६३ मध्ये स्थापन झालेले कॅन्सस स्टेट हे कृषी व तंत्रशिक्षणाची परंपरा असलेले विद्यापीठ आहे. १९८८ च्या हंगामाअखेर त्याच्या फुटबॉल संघाची एकूण नोंद २९९ विजय, ५१० पराभव व ४१ बरोबरी अशी होती. पाचशे पराभव पत्करणारा हा उच्च श्रेणीतील पहिला संघ होता. नव्वदहून अधिक वर्षांत त्याला केवळ एकदाच, १९८२ मध्ये, बोल सामन्यात स्थान मिळाले होते. १९८७ व १९८८ या दोन हंगामांत एकही विजय नव्हता. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या नियतकालिकाने १९८९ मध्ये या विद्यापीठावर 'निष्फळतेचे विद्यापीठ' अशा आशयाच्या शीर्षकाचा लेख छापला. संघाला 'बिग एट' या गटातून बाहेर पडावे लागेल, अशी चर्चा होती.

१९८६ मध्ये कुलगुरुपदी आलेल्या जॉन वेफाल्ड यांनी संघ बंद न करता त्यात गुंतवणूक करण्याचा निर्णय घेतला. नोव्हेंबर १९८८ मध्ये आयोवा विद्यापीठात हेडन फ्राय यांच्या हाताखाली आक्रमणाचे नियोजन सांभाळणारे बिल स्नायडर यांची प्रमुख प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. त्या वेळी संघ सलग २७ सामने विजयाविना होता. स्नायडर यांच्या निर्णयांचे पुढील पाच भाग करता येतात.

पहिला निर्णय ध्येयनिश्चितीचा. स्नायडर यांनी संघासमोर सोळा उद्दिष्टे ठेवली. बांधिलकी, निःस्वार्थता, एकजूट, दररोज सुधारणा, स्वयंशिस्त, चुका टाळणे, सातत्य, जबाबदारी इत्यादींचा त्यांत समावेश होता. अमुक सामने जिंकावेत असा आकडा त्या यादीत नव्हता. जे खेळाडूंच्या हाती आहे तेवढ्यावरच लक्ष केंद्रित करणारी ही यादी होती.

दुसरा निर्णय खेळाडूंच्या निवडीचा. नामवंत शालेय खेळाडू मॅनहॅटनला येण्यास तयार नसत. कॅन्सस राज्यात मात्र दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची कनिष्ठ महाविद्यालये मोठ्या संख्येने असून तेथे चांगला फुटबॉल खेळला जातो. स्नायडर यांनी या महाविद्यालयांतून, तसेच शेजारील राज्यांतील अशा संस्थांतून, खेळाडू घेण्यावर भर दिला. १९९८ मध्ये हाइझमन पारितोषिकाच्या मतदानात दुसरा आलेला क्वार्टरबॅक मायकेल बिशप हा टेक्सासमधील ब्लिन कॉलेज या कनिष्ठ महाविद्यालयातून आलेला होता. शिष्यवृत्तीविना संघात येणाऱ्या स्थानिक खेळाडूंनाही संधी मिळे. जॉर्डी नेल्सन हा असाच आलेला खेळाडू पुढे २००८ मध्ये व्यावसायिक संघात निवडला गेला. इतरांनी कमी किंमत केलेले गुण ओळखणे, हे या धोरणाचे सार होय.

तिसरा निर्णय वेळापत्रकाचा. गटाबाहेरील सामन्यांसाठी तुलनेने दुबळे प्रतिस्पर्धी निवडण्यात आले. यावर पुष्कळ टीका झाली. परंतु वर्षानुवर्षे हरलेल्या संघाला जिंकण्याची सवय लावणे हा त्यामागील हेतू होता. कच्च्या विद्यार्थ्याला आरंभी सोपी उदाहरणे देणाऱ्या शिक्षकाची रीत याहून वेगळी नसते.

चौथा निर्णय सहकाऱ्यांच्या निवडीचा. बॉब स्टुप्स, जिम लेव्हिट, मार्क मँजिनो यांसारखे तरुण सहप्रशिक्षक येथे घडले. पुढे स्टुप्स यांनी ओक्लाहोमा विद्यापीठाला २००० च्या हंगामाचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले, लेव्हिट यांनी साउथ फ्लोरिडा विद्यापीठाचा संघ शून्यातून उभा केला आणि मँजिनो यांच्या कॅन्सस विद्यापीठ संघाने २००७ च्या हंगामात बारा विजय मिळविले. एका प्रशिक्षकाबाबत योगायोग म्हणता आला असता. इतक्यांबाबत तो म्हणणे कठीण आहे.

पाचवा निर्णय ओळखीचा. १९८९ मध्ये संघाला नवे बोधचिन्ह देण्यात आले. विद्यापीठातीलच एका कलाशिक्षकाने ते तयार केले होते आणि ते आजही वापरात आहे. जुन्या पराभूत प्रतिमेपासून फारकत घेण्याचा तो उघड संकेत होता.

आता फळाकडे पाहू. १९८९ च्या पहिल्या हंगामात संघाने अकरापैकी एक सामना जिंकला. तोही ३० सप्टेंबर रोजी नॉर्थ टेक्सासविरुद्ध २०-१७ असा, आणि विजयी टचडाउन सामन्याच्या अगदी शेवटच्या चालीवर झाले. सलग तीस सामन्यांनंतरचा तो पहिला विजय. ती एक चेंडूफेक निसटली असती तर हंगामाची नोंद शून्य विजय अशी झाली असती; परंतु त्यामुळे वरील पाच निर्णयांपैकी एकाचीही गुणवत्ता तसूभरही कमी झाली नसती. पुढील हंगामांत विजयांची संख्या अनुक्रमे पाच, सात व पाच अशी राहिली. चार वर्षांत केवळ १८ विजय मिळविणाऱ्या प्रशिक्षकावर विश्वास कायम ठेवणे, हा विद्यापीठ प्रशासनाचा सहावा आणि कदाचित सर्वांत अवघड निर्णय होता. त्याचे फळ १९९३ पासून दिसू लागले. त्या वर्षापासून २००३ पर्यंत सलग अकरा हंगाम संघ बोल सामन्यांत खेळला आणि १९९७ ते २००३ या सात हंगामांपैकी सहा हंगामांत त्याने प्रत्येकी अकरा सामने जिंकले.

कॅन्सस स्टेटच्या वाट्याचे दैव :

या यशात दैवाचा वाटा नव्हताच, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. बिग एट गटातील बलाढ्य ओक्लाहोमा संघावर डिसेंबर १९८८ मध्ये नियमभंगाबद्दल निर्बंध आले आणि जून १९८९ मध्ये त्याचे प्रशिक्षक बॅरी स्विट्झर यांनी राजीनामा दिला. त्यानंतरचे दशक त्या संघाला कठीण गेले. १९९३ ते १९९७ या काळात कॅन्सस स्टेटने ओक्लाहोमाला सलग पाच वेळा हरविले. ज्या सुमारास स्नायडर रुजू झाले, त्याच सुमारास प्रबळ प्रतिस्पर्धी कोलमडणे ही त्यांच्या नियंत्रणाबाहेरील अनुकूल घटना होती.

तथापि प्रतिकूल दैवही तितकेच ठळक होते. त्याच गटातील नेब्रास्का संघ १९९४, १९९५ व १९९७ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदाचा मानकरी ठरला आणि १९६८ नंतर थेट १९९८ पर्यंत कॅन्सस स्टेटला त्याला हरविता आले नाही. १९९८ मध्ये कॅन्सस स्टेटने नियमित हंगामातील अकराही सामने जिंकले. त्यांपैकी नऊ विजय दहा किंवा त्याहून अधिक गुणांनी होते. ५ डिसेंबर रोजी टेक्सास ए अँड एमविरुद्धच्या गट-अजिंक्यपदाच्या सामन्यात संघ चौथ्या सत्रात १५ गुणांनी आघाडीवर होता. परंतु दुसऱ्या जादा वेळेत तो ३६-३३ असा हरला. त्याच दिवशी यूसीएलए हा वरच्या क्रमांकाचा संघ पराभूत झाल्याने राष्ट्रीय अंतिम सामन्याचे दार उघडले होते, ते डोळ्यांदेखत बंद झाले. एवढेच नव्हे, तर क्रमवारीत तिसरा असूनही प्रमुख बोल सामन्यांत त्याला निवडले गेले नाही. पुढे निवडीचे नियमच बदलण्यात आले.

म्हणजेच स्नायडर यांच्या सर्वोत्तम संघाला दैवाने हुलकावणी दिली. पाच वर्षांनी, ६ डिसेंबर २००३ रोजी, तुलनेने अधिक पराभव पत्करलेल्या त्यांच्याच संघाने प्रथम क्रमांकावरील ओक्लाहोमाला ३५-७ असे हरवून गटाचे अजिंक्यपद मिळविले. वारंवार दारापर्यंत पोहोचणाऱ्याला एखादे दिवशी दार उघडे सापडते. दारापर्यंत पोहोचणे हे निर्णयाचे काम आणि दार उघडे असणे हा दैवाचा भाग, असे येथे म्हणता येईल.

ऑबर्न २०१३ : एका हंगामाची किमया :

अलाबामा राज्यातील ऑबर्न विद्यापीठाचे उदाहरण वेगळे आहे. २०१० मध्ये चौदाही सामने जिंकून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलेला हा संघ २०१२ मध्ये बारापैकी केवळ तीन सामने जिंकू शकला. गटातील आठही सामने तो हरला. प्रशिक्षक जीन चिझिक यांना दूर करून गस माल्झान यांना नेमण्यात आले. पुढच्याच वर्षी संघाने बारा सामने जिंकले, गटाचे अजिंक्यपद मिळविले आणि राष्ट्रीय अंतिम सामन्यात तो फ्लोरिडा स्टेटकडून ३४-३१ असा निसटता हरला.

या यशामागे चांगले निर्णय निश्चितच होते. कॅन्सस राज्यातीलच गार्डन सिटी या कनिष्ठ महाविद्यालयातून आणलेल्या निक मार्शलला क्वार्टरबॅकची जबाबदारी देण्यात आली आणि धावत्या आक्रमणावर भर देण्यात आला. त्या हंगामात प्रति सामना धावत मिळविलेल्या यार्डांत ऑबर्न देशात पहिला होता. तरीही दोन सामन्यांचा तपशील पाहणे आवश्यक आहे.

१६ नोव्हेंबर २०१३ रोजी जॉर्जियाविरुद्ध चौथ्या सत्रातील वीस गुणांची आघाडी गमावून ऑबर्न ३७-३८ असा पिछाडीवर पडला. अखेरची चौथी संधी आणि १८ यार्डांची गरज अशा स्थितीत मार्शलने लांबवर चेंडू फेकला. जॉर्जियाच्या दोन बचावपटूंनी तो अडविण्यासाठी एकाच वेळी झेप घेतली, चेंडू त्यांच्या हाताला लागून वर उडाला आणि पुढे धावणाऱ्या रिकार्डो लुईसच्या हाती आला. ७३ यार्डांचे टचडाउन झाले, तेव्हा २५ सेकंद शिल्लक होते. त्या बचावपटूंपैकी एकानेच प्रयत्न केला असता तर चेंडू बहुधा खाली पडला असता.

दोन आठवड्यांनी, ३० नोव्हेंबर रोजी, प्रथम क्रमांकावरील अलाबामाविरुद्ध २८-२८ अशी बरोबरी असताना घड्याळ संपले होते. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांच्या आग्रहावरून फेरतपासणी झाली व एक सेकंद परत देण्यात आला. त्या एका सेकंदात अलाबामाने ५७ यार्डांवरून फील्ड गोलचा प्रयत्न केला. चेंडू कमी पडला, तो क्रिस डेव्हिसने आपल्या अंतिम क्षेत्रात झेलला आणि मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत जाऊन टचडाउन केले. प्रतिपक्षाने मागून घेतलेला सेकंदच त्याला भोवला, यात दैवाचा खेळ उघड आहे. परंतु त्याच प्रसंगात एक निर्णयही दडलेला आहे. लाथ मारण्यापूर्वीच्या विरामात माल्झान यांनी अंतिम क्षेत्रात उभा राहणारा खेळाडू बदलून तेथे डेव्हिसला पाठविले होते. लाथ कमी पडली तर चेंडू परत आणता येतो, ही शक्यता लहान होती. पण तिची तयारी करण्यास काहीच खर्च नव्हता. संधी दैवाने दिली; ती घेण्यास योग्य माणूस योग्य जागी उभा होता, हा निर्णयाचा भाग होय.

अटीतटीच्या सामन्यांची गणना :

२०१३ च्या हंगामात ऑबर्नने एकूण सात अटीतटीचे सामने खेळले व त्यांतील सहा जिंकले. म्हणजेच बारा विजयांपैकी निम्मे विजय एका चढाईच्या अंतराचे होते. असे सामने केवळ नाणेफेकीसारखे असतात असे गृहीत धरल्यास, सातपैकी सहा किंवा अधिक जिंकण्याची शक्यता १२८ पैकी ८, म्हणजे सोळात एक इतकी येते. ही शक्यता लहान भासते. परंतु त्या वेळी उच्च श्रेणीत सुमारे सव्वाशे संघ होते. प्रत्येकाला असे सात सामने मिळाले असते, तर केवळ योगायोगानेही त्यांतील सात-आठ संघांना एवढे यश लाभले असते. त्या संघांच्या प्रशिक्षकांना त्या वर्षी 'द्रष्टे' म्हटले गेले असते.

या अनुमानाची पडताळणी पुढील दोन हंगामांत झाली. २०१४ मध्ये ऑबर्नने अटीतटीचे पाच सामने खेळून तीन जिंकले. २०१५ मध्ये सात खेळून तीन जिंकले. एकूण बारापैकी सहा, म्हणजे नाणेफेकीइतकेच. परिणामी हंगामाची नोंद २०१४ मध्ये आठ विजय व पाच पराभव, तर २०१५ मध्ये सात विजय व सहा पराभव अशी झाली. येथे संघाचा दर्जा एकाएकी कोसळला असे म्हणण्यापेक्षा दैव सरासरीकडे परतले, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

योगायोग असा की, हे दोन्ही संघ १८ सप्टेंबर २०१४ रोजी मॅनहॅटन येथे समोरासमोर आले. ऑबर्नने तो सामना २०-१४ असा जिंकला. कॅन्सस स्टेटचे तीन फील्ड गोल चुकले होते, म्हणजे नऊ गुण हुकले आणि पराभव सहा गुणांचा होता. केवळ निकाल पाहणारा त्या रात्री ऑबर्नची पद्धती श्रेष्ठ ठरवील. सामना पाहणारा तसे म्हणण्यास धजणार नाही.

माल्झान आठ वर्षे ऑबर्नचे प्रशिक्षक होते. या काळात ६८ विजय व ३५ पराभव अशी त्यांची नोंद होती आणि एकाही हंगामात पराभव विजयांपेक्षा अधिक नव्हते. तरीही २०१३ च्या शिखराशी होणारी तुलना त्यांना सतत भोवली. २०१७ मध्ये गटाच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारल्यावर त्यांच्याशी सात वर्षांचा, सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलरचा करार झाला आणि तीनच वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, सुमारे २ कोटी १५ लाख डॉलर देऊन त्यांना दूर करण्यात आले. फळ पाहून करार आणि फळ पाहूनच बडतर्फी, अशा धोरणाची ही किंमत होय.

निर्णायक कसोटी : सातत्य व पुनरावृत्ती :

दैव व निर्णय वेगळे करण्याची सर्वांत विश्वासार्ह कसोटी म्हणजे पुनरावृत्ती. या दृष्टीने कॅन्सस स्टेटच्या इतिहासाने जणू एक नैसर्गिक प्रयोगच उपलब्ध करून दिला. स्नायडर २००५ अखेर निवृत्त झाले. त्यानंतर २००६ ते २००८ या काळात रॉन प्रिन्स यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने १७ सामने जिंकले व २० गमावले. २००९ मध्ये स्नायडर परत आले, आणि २०१२ मध्ये संघाने पुन्हा अकरा विजयांसह गटाचे अजिंक्यपद मिळविले. पहिल्या कार्यकाळात १३६ विजय व ६८ पराभव, दुसऱ्या कार्यकाळात (२००९ ते २०१८) ७९ विजय व ४९ पराभव, अशी त्यांची नोंद आहे. एकाच ठिकाणी, दोन वेगळ्या काळांत, वेगळ्या खेळाडूंसह तीच पद्धती फलदायी ठरली, हे केवळ दैवाने घडणे अत्यंत असंभाव्य होय.

मात्र येथेही सावधगिरी आवश्यक आहे. पहिल्या कार्यकाळाच्या अखेरच्या दोन हंगामांत (२००४ व २००५) स्नायडर यांच्याच संघाचे अनुक्रमे चार व पाच विजय होते. म्हणजे प्रिन्स यांच्या हाती आलेला वारसाही उतरणीला लागलेला होता आणि त्यांच्या अपयशाचे सर्व माप त्यांच्या पदरात घालणे न्याय्य नव्हे. तसेच क्रिस क्लीमन यांच्या मार्गदर्शनाखाली २०२२ मध्ये संघाने पुन्हा गटाचे अजिंक्यपद मिळविले. याचा अर्थ व्यक्तीइतकीच तिने रुजविलेली व्यवस्थाही महत्त्वाची ठरते. स्नायडर यांचे खरे यश त्यांच्या २१५ विजयांत नसून, कॅन्सस स्टेट हा जिंकू शकणारा संघ आहे ही बाब सर्वांना स्वाभाविक वाटू लागली, यात आहे.

बदललेली परिस्थिती :

अलीकडील काळात खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची मुभा वाढली असून पुनरुत्थानाचा वेगही वाढला आहे. इंडियाना विद्यापीठाचा संघ २०२३ मध्ये बारापैकी तीनच सामने जिंकू शकला होता. कर्ट सिग्नेटी यांच्या नेमणुकीनंतर २०२४ मध्ये अकरा विजय मिळाले आणि २०२५ च्या हंगामात सोळाही सामने जिंकून संघ राष्ट्रीय विजेता झाला. सिग्नेटी यांनी जेम्स मॅडिसन या आपल्या आधीच्या विद्यापीठातील अनेक खेळाडू बरोबर आणले होते. पारखलेली माणसे सोबत आणणे हा अनिश्चितता कमी करणारा निर्णय होय. तथापि हे यश किती टिकते, याचा निवाडा काळच करील. वरील विवेचनानुसार दोन हंगाम ही अपुरी मुदत आहे.

शैक्षणिक संस्थांच्या संदर्भात :

प्रस्तुत विवेचनाचा संबंध केवळ क्रीडांगणापुरता मर्यादित नाही. एखाद्या महाविद्यालयाचा निकाल एका वर्षी दहा टक्क्यांनी वाढला की प्राचार्यांचा सत्कार होतो आणि पुढील वर्षी तो घटला की विभागप्रमुखांना खुलासा मागितला जातो. तीस विद्यार्थ्यांच्या वर्गात तीन विद्यार्थ्यांच्या उत्तीर्ण-अनुत्तीर्णतेने निकालात दहा टक्क्यांचा फरक पडतो, हे त्या वेळी कोणी ध्यानात घेत नाही. लहान वर्गाचा निकाल हा थोड्या सामन्यांच्या हंगामासारखाच असतो.

याचे दोन दुष्परिणाम संभवतात. पहिला असा की, योग्य मार्गाने जाणारा परंतु आरंभी फळ न दिसलेला शिक्षक नाउमेद होतो. १९८९ ते १९९२ या काळातील स्नायडर यांच्यासारखा धीर त्याला दाखविला जात नाही. दुसरा असा की, योगायोगाने लाभलेले यश 'यशस्वी प्रयोग' म्हणून इतरत्र लादले जाते. हे टाळण्यासाठी निर्णय घेतानाच त्यामागील कारणे, विचारात घेतलेले पर्याय व अपेक्षित परिणाम यांची लेखी नोंद ठेवणे उपयुक्त ठरेल. फळ हाती आल्यावर स्मृती त्या फळाला अनुकूल अशी कारणे शोधते. लेखी नोंद तसे करू देत नाही.

निष्कर्ष :

१) एका सामन्याचा व बहुधा एका हंगामाचा निकाल दैवाने मोठ्या प्रमाणात प्रभावित होतो, दीर्घ काळातील कामगिरी निर्णयांच्या गुणवत्तेची निदर्शक असते.
२) निसटत्या विजयांवर उभे असलेले यश सहसा टिकत नाही; म्हणून विजयांची संख्या मोजताना त्यांतील अंतरही पाहणे आवश्यक आहे.
३) चांगले निर्णय दैवाला दूर सारीत नाहीत, ते अनुकूल दैवाचा लाभ घेण्याची आणि प्रतिकूल दैव सोसण्याची क्षमता वाढवितात.
४) निर्णयाचे मूल्यमापन तो घेतेवेळी उपलब्ध असलेल्या माहितीच्या आधारे व्हावे, केवळ परिणामावरून नव्हे.
५) पुनरुत्थानात सर्वांत दुर्मीळ निर्णय नियुक्त करणाऱ्यांचा असतो, आणि तो म्हणजे फळ येईपर्यंत थांबण्याचा.

अनुशासनपर्वातील शेत व बीज यांची उपमा येथे सार्थ ठरते. बीज कोणत्या वर्षी हाती पडेल, हे कोणालाच सांगता येत नाही. शेत मात्र दरवर्षी नांगरून ठेवता येते, आणि संस्था चालविणाऱ्यांच्या हाती नेमके तेवढेच असते.